देवनागरी दर्शनदोष

देवनागरी दर्शनदोष : घरच्या संगणकावर मराठी मजकूर चौकोन, प्रश्नचिन्हे, फुटलेली जोडाक्षरे किंवा निरर्थक लॅटिन अक्षरे अशा रूपात दिसणे. रोजच्या बोलण्यात ‘मराठी दिसत नाही’ किंवा ‘डबे येतात’ एवढेच म्हणतात. २००० नंतरच्या दशकात मराठी संकेतस्थळे वाढू लागली तेव्हा ही तक्रार पदोपदी ऐकू येई. तिचे निवारण दुरुस्तीच्या दुकानांपेक्षा महाजालावरच्या अनोळखी माणसांनीच अधिक केले. त्यात एक गमतीचा पेच होता. ज्याला मराठी दिसतच नाही त्याला मराठीत लिहून उपाय सांगायचा कसा? म्हणून तक्रार आणि उत्तर दोन्ही रोमन लिपीतल्या मराठीत चालत, नाहीतर प्रत्येक पायरीचे चित्र काढून दाखवावे लागे.

दोषाचे मूळ जुने आहे. प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी युनिकोड ही पद्धत रुळण्यापूर्वी संगणकावरचे मराठी शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी, आकृती अशा फॉन्टांवर चाले. यांत साठवली जात ती लॅटिन अक्षरे, फक्त त्यांच्या जागी देवनागरी आकार रेखलेले असत. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ टंकले की फाइलमध्ये ई, जे, के, बी, एच ही पाच इंग्रजी अक्षरे जातात. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर तीच उघडी पडतात. प्रत्येक फॉन्टची जुळणी निराळी, त्यामुळे एकाचा मजकूर दुसऱ्यात उघडण्याची सोय नव्हती. भारतीय लिप्यांच्या संकेतांचे इस्की हे भारतीय मानक १९९१ मध्ये प्रमाणित झाले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तीत देवनागरीला स्वतःचे क्रमांक मिळाले. पण क्रमांक मिळाल्याने अक्षर उमटत नाही. वेलांटी अक्षराच्या आधी आणणे, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवणे, जोडाक्षर जुळवणे ही कामे करणारी यंत्रणा वेगळी लागते. विंडोजमध्ये ती देवनागरीसाठी विंडोज २००० पासून आली. सोबतचा ‘मंगल’ हा फॉन्ट सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रेखला होता.

घरोघरी पोहोचलेल्या विंडोज एक्सपीत (२००१) ही यंत्रणा होती, पण इंग्रजी आवृत्तीत ती मुळात बंद असे. घोळ तिथेच होता. उपाय सोपा : कंट्रोल पॅनेलमधील प्रदेश व भाषांच्या पर्यायांत जाऊन ‘गुंतागुंतीच्या आणि उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या लिप्या’ या ओळीपुढे बरोबरची खूण करायची आणि यंत्र पुन्हा चालू करायचे. आपली साधी, डावीकडून उजवीकडे जाणारी लिपी अरबी आणि हिब्रूच्या पंगतीत सापडेल असे कुणाला स्वप्नातही वाटत नसे, त्यामुळे सांगितल्याशिवाय ती ओळ सापडत नसे. खूण केल्यावर संगणक एक्सपीची मूळ सीडी मागे. जुळणी करून घेतलेल्या यंत्रांबरोबर ती बहुधा आलेलीच नसायची. मग जाणकार दुसरा मार्ग सुचवीत : हार्ड डिस्कवर ‘आय३८६’ नावाचा फोल्डर आहे का पाहा, असल्यास सीडीऐवजी त्याचा पत्ता द्या. विंडोज व्हिस्टापासून ही यंत्रणा मुळातच चालू आली आणि हा प्रश्न हळूहळू निवळला.

दूर बसलेल्या माणसाला यंत्र दिसत नाही, म्हणून निदान सगळे वर्णनावर ठरते. ‘मराठी नीट दिसत नाही’ या वाक्यावरून काहीच कळत नाही; काय दिसते ते कळले, तर अर्धे काम तिथेच होते. सगळीकडे रिकामे चौकोन असतील तर देवनागरी आकार असलेला फॉन्ट नाही. अक्षरे आहेत पण वेलांट्या भलत्याच ठिकाणी गेल्या असतील तर जुळणीची यंत्रणा बंद आहे. ‘किती’ हा शब्द याची उत्तम चाचणी ठरतो : पहिली वेलांटी ‘क’ला सोडून पुढे सरकते आणि बिचाऱ्या ‘त’च्या वाट्याला दोन्ही वेलांट्या येतात. डोक्यावर तिरकी रेघ असलेले लॅटिन ‘ए’ दर दोन चिन्हांनंतर पुन्हा पुन्हा येत असेल तर फॉन्टच्या मागे लागू नये. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठवतात आणि त्यांतला पहिला बाइट नेहमी एकच असतो. तो पश्चिम युरोपीय संकेतानुसार वाचला गेला की हे ‘ए’ उमटते. मजकूर शाबूत असतो, फक्त वाचण्याची रीत बदलायची असते. नुसती प्रश्नचिन्हे दिसली तर मात्र बहुधा आशा सोडावी. मूळ क्रमांकच पुसून त्या जागी खरोखरची प्रश्नचिन्हे साठवली गेलेली असतात, आणि कोणताही फॉन्ट ती परत आणू शकत नाही. मूळ प्रत कुठे आहे ते शोधणे एवढेच उरते.

काही दोष वापरणाऱ्याच्या हातात नव्हतेच. फायरफॉक्स २ मध्ये दोन्ही कडा समान केलेल्या परिच्छेदातली देवनागरी फुटत असे, शेजारचा साधा परिच्छेद मात्र ठीक दिसे. एकाच पानावर अर्धे मराठी बरे आणि अर्धे मोडके पाहून लोक चक्रावत. फायरफॉक्स ३ (२००८) मध्ये ते सुधारले. मोबाइलवर ऑपेरा मिनीत एक आडवाटेची सोय होती : गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी चित्ररूप अक्षरे वापरा, असा पर्याय तिच्या आतल्या मांडणीच्या पानावर होता. कोणत्याही मेनूत न दिसणारा हा पर्याय पसरला तो केवळ एकाने दुसऱ्याला सांगून.

सल्ल्याऐवजी थेट हाताळणी हा दुसरा मार्ग. परवानगी दिल्यावर दुसऱ्याच्या पडद्याचा ताबा घेऊ देणारी सोय एक्सपीतच होती, पुढे टीमव्ह्यूअर (२००५) सारख्या साधनांनी ती सोपी केली. परदेशी स्थायिक झालेल्या मुलांना सांगली-सोलापूरच्या आईवडिलांचा संगणक तिथे बसून नीट करता येऊ लागला. हीच साधने भामटेही वापरतात. आपण मदत मागितलेली नसताना ‘तुमच्या संगणकात बिघाड आहे’ असा फोन आला तर तो ठेवून द्यावा.

दोष आजही संपलेला नाही, त्याने जागा बदलली आहे. मराठी नावांची सीएसव्ही यादी एक्सेलमध्ये दोनदा टिचकी मारून उघडली की तेच तिरक्या रेघेचे ‘ए’ अवतरतात. ती डेटा मेनूतून आयात करून संकेत म्हणून ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, निवडला की नावे जागेवर येतात. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत अक्षरविषयक पसंतीत मध्यपूर्व व दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय निवडलेला नसेल तर जोडाक्षरे फुटतात. चौकाचौकांतल्या वाढदिवसाच्या फलकांवर हा दोष मोठ्या आकारात पाहायला मिळतो.

मराठीचा खास दोष ‘वऱ्हाड’, ‘तऱ्हा’ या शब्दांतल्या अर्ध्या ‘र’चा. युनिकोडमध्ये तो दोन रीतींनी लिहिता येतो : नुक्ता असलेल्या ‘र’ला हलन्त देऊन, किंवा साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य सांधा टाकून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण साध्या शोधाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. त्यामुळे फाइलमध्ये ‘वऱ्हाड’ डोळ्यांना दिसत असूनही शोधखिडकी ‘सापडले नाही’ म्हणते. अशा वेळी शब्द टंकण्याऐवजी मजकुरातूनच उचलून शोधखिडकीत डकवावा.