जपानांतील आत्महत्या-निवारणाचा कायदा

आत्महत्या ही ज्याच्या त्याच्या मनाची गोष्ट आहे, तींत सरकारानें काय करावें, असा आक्षेप आम्हीं अनेकदां ऐकला आहे. त्याला तर्कानें उत्तर देण्यापेक्षां जपानच्या अलीकडील इतिहासाचा दाखला देणें आम्हांस अधिक सयुक्तिक वाटतें.

१९९७ च्या नोव्हेंबरांत यामाइची ही जुनी रोखे-पेढी व होक्काइदो ताकुशोकु ही बँक एकामागून एक बुडाली. अनेक उद्योगधंदे कर्जांत रुतले व मध्यम वयाचे कर्ते पुरुष बेकार झाले. त्या वर्षीं देशांत २४,३९१ आत्महत्यांची नोंद झाली होती. १९९८ सालीं ती ३२,८६३ वर गेली, आणि २०११ पर्यंत एकाहि वर्षीं तीस हजारांच्या खालीं आली नाहीं. एका वर्षांत आठ हजारांवर माणसांचीं मनें आपोआप दुबळीं झालीं, असें कोण म्हणेल?

तरीहि बराच काळ या मृत्यूंविषयीं घरांत मौन व बाहेर कुजबूज एवढेंच चाले. ही कोंडी प्रथम मुलांनीं फोडली. अनाथ मुलांच्या शिक्षणास साह्य करणाऱ्या अशिनागा या संस्थेनें २००० सालीं, आत्महत्येनें आई किंवा बाप गमावलेल्या मुलांच्या लेखांची एक पुस्तिका काढली. आपला बाप कशानें गेला हें तोंडानें सांगतां येत नाहीं, हें दुःख तिच्या नांवांतच होतें. पुढें २००४ सालीं शिमिझु यासुयुकि यांनीं एन. एच. के. मधील नोकरी सोडून ‘लाइफलिंक’ ही संस्था स्थापिली. कायद्याच्या मागणीसाठीं एक लाखाहून अधिक सह्या गोळा झाल्या, निरनिराळ्या पक्षांचे सभासद पुढें आले, आणि जून २००६ मध्यें आत्महत्या-निवारणाचा मूलभूत कायदा संमत झाला. आत्महत्या केवळ वैयक्तिक प्रश्न समजूं नये, तिच्यामागें सामाजिक कारणें असतात, हें तत्त्व त्यांत स्पष्ट शब्दांत नमूद आहे.

परंतु तत्त्व नमूद झाल्यानें आकडा हालला नाहीं. तो हालावा म्हणून २००९ सालीं सरकारानें १,००० कोटी येनांचा निधि प्रांतोप्रांतीं वांटला. त्यांतून प्रत्यक्ष व दूरध्वनीवरील सल्ला, कार्यकर्त्यांचें शिक्षण व लोकजागृति यांची सोय झाली. सावकारी व्याजाला लगाम घालणारा २००६ चा कायदाहि २०१० मध्यें पूर्णपणें अमलांत आला. २०१२ सालीं संख्या २७,८५८ झाली. २०१९ सालीं २०,१६९. २०१६ च्या दुरुस्तीनें प्रत्येक प्रांतास व नगरपालिकेस स्वतःची योजना करणें बंधनकारक ठरलें.

याचें सर्व श्रेय कायद्यास देणें अन्यायाचें होईल. आर्थिक स्थितीहि सुधारत होती. शिवाय २०२० सालीं संख्या पुन्हां वाढली, आणि २०२२ मध्यें शाळकरी मुलांच्या आत्महत्यांनीं पांचशेंचा आकडा ओलांडला. कर्जबाजारी गृहस्थासाठीं उभारलेली यंत्रणा त्या मुलांपर्यंत पुरेशी पोंचली नाहीं, हेंहि प्रांजळपणें मान्य केलें पाहिजे.

आतां आपल्या घरीं पाहूं. १८६० च्या दंडसंहितेनें आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरविला होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें त्या कलमाची धार बोथट केली, आणि १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या न्याय संहितेंत तें कलम राहिलें नाहीं. नोव्हेंबर २०२२ मध्यें भारत सरकारानें राष्ट्रीय धोरणहि जाहीर केलें. २०३० पर्यंत आत्महत्यांनीं होणारे मृत्यु शेंकडा दहानें कमी करण्याचा त्याचा संकल्प आहे. त्याच वर्षीं देशांत १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यांपैकीं महाराष्ट्रांत २२,७४६, म्हणजे सर्व राज्यांत अधिक.

धोरणाचा कागद आपल्या हातीं आला आहे. जपानास कायद्यापासून निधीपर्यंत येण्यास तीन वर्षें लागलीं, आणि त्या तीनहि वर्षीं मृतांची संख्या तीस हजारांवर राहिली. आपल्या जिल्ह्याच्या रुग्णालयास या कामासाठीं किती रक्कम मिळाली, हा प्रश्न अंदाजपत्रकाच्या वेळीं आपल्या आमदारास विचारणारे लोक येथेंहि निघाले पाहिजेत.