दिनविशेष, १४ फेब्रुवारी : गल्लीतला रॅप पहिल्या रांगेत

२०१९ : झोया अख्तर दिग्दर्शित ‘गली बॉय’ प्रदर्शित. धारावीतल्या मुरादची ही गोष्ट डिवाइन (अंधेरी) आणि नेझी (कुर्ला) या मुंबईच्या रॅपरांवरून सुचलेली. दोघांचं २०१५ मधलं ‘मेरे गली में’ चित्रपटात नव्यानं आलं, पण तोंडातोंडी झालं ते ‘अपना टाइम आएगा’. पुढच्या वर्षी याच गाण्यासाठी डिवाइन आणि अंकुर तिवारी यांना फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट गीतकार पुरस्कार मिळाला. साहिर आणि गुलजार यांच्या पंगतीत गल्लीतला रॅपर! चित्रपटानं एकूण १३ फिल्मफेअर पटकावून ‘ब्लॅक’चा ११ चा विक्रम मोडला.

अमेरिकेत रॅपचं गाणं बिलबोर्डच्या मुख्य यादीत १९९० मध्येच पहिलं आलं होतं. आपल्याकडे बिनाका गीतमालेनंतर सगळ्यांनी मानावी अशी यादीच उरली नाही. गाणं गाजलं की नाही, ते वरातीतल्या बँडवाल्याला विचारावं.

मराठी कानांनी याच चित्रपटातलं ‘इंडिया ९१’ आवर्जून ऐकावं. मृदंगवादक विवेक राजगोपालन यांच्या तालावर अमरावतीचा हंड्रेड आरबीएच त्यात रॅप करतो. सोलापूर जिल्ह्याला अशा रोखठोक गाण्याचं अप्रूप नसावं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात याच जिल्ह्यातल्या बार्शीच्या शाहीर अमर शेखांचा आवाज सभा दणाणून सोडत असे.

भारतानं ऑस्करसाठी ‘गली बॉय’च पाठवला. नामांकन मात्र मिळालं नाही.