जुना फोन बदलताना प्रीपेड क्रमांक कसा जपावा?

जुना मोबाइल संच कुरकुर करू लागला की नवा घ्यावाच लागतो. परंतु संचाबरोबर क्रमांकही बदलण्याचे कारण नाही. बँक खाते, आधार, निवृत्तिवेतन, स्वयंपाकाच्या गॅसची नोंदणी या साऱ्यांचे संदेश आज त्याच दहा अंकी क्रमांकावर येतात. तो हातचा गेला, तर ही सर्व कामे अडतात. म्हणून फोन बदलताना कोणते काम आधी व कोणते नंतर करावे, हे जाणून घेणे हिताचे ठरते.

खाते फोनमध्ये नसते

प्रीपेड खात्यातील शिल्लक व वैधता यांची नोंद कंपनीच्या संगणक यंत्रणेत असते. सिमकार्ड ही त्या खात्याची केवळ ओळख असते. तेच सिम नव्या फोनमध्ये घातले की खाते होते तसेच पुढे चालू राहते, नवे रिचार्ज करावे लागत नाही. फोनच्या स्मृतीत साठवलेले संपर्क व छायाचित्रे मात्र आपोआप येत नाहीत. साध्या बटणांच्या फोनमधील संपर्क आधी सिमवर उतरवून घ्यावेत.

सिमचा आकार आणि पिढी

जुने सिम २५ बाय १५ मिलिमीटरचे, मायक्रो सिम १५ बाय १२ मिलिमीटरचे, तर आजच्या फोनमधील नॅनो सिम १२.३ बाय ८.८ मिलिमीटरचे असते. जुने कार्ड कात्रीने कापून बसवू नये. ते निकामी होण्याचा धोका असतो. कंपनीच्या दालनातून त्याच क्रमांकाचे बदली सिम घ्यावे. जुन्या पिढीचे सिम असल्यास नव्या फोनमध्येही ४जी सेवा मिळत नाही. तेव्हाही बदली सिम हाच उपाय. बटणांचाच फोन हवा असेल, तर तो ४जी व व्होल्टे सुविधेचा आहे का, हे खरेदीपूर्वी विचारावे. जिओचे जाळे २जीवर चालत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

बदली सिम घेताना

क्रमांक ज्याच्या नावावर असेल, त्यानेच ओळखपत्रासह जावे. अनेक घरांत आईच्या हातातील फोनचे सिम मुलाच्या किंवा दिवंगत वडिलांच्या नावावर असते. अशा वेळी नावबदलाची प्रक्रिया सिम सुरळीत चालू असतानाच उरकावी. सिम बंद पडल्यावर ती अधिक किचकट होते.

बदली सिम कार्यान्वित झाल्यावर सुरक्षेसाठी २४ तास लघुसंदेशांची ये-जा बंद राहते. या काळात बँकेचे ओटीपी येत नाहीत. त्यामुळे बिल भरण्याच्या शेवटच्या दिवशी वा प्रवासाच्या तोंडावर सिम बदलू नये. व्हॉट्सॲप नव्या फोनवर सुरू करणेही त्यानंतरच सोयीचे.

कंपनी बदलायची असल्यास

इंग्रजीत ‘पोर्ट’ हा शब्द, मोकळी जागा व आपला क्रमांक असा संदेश १९०० वर पाठवला की आठ अक्षरांचा संकेतांक येतो. तो साधारणपणे चार दिवस वैध असतो. सध्याच्या कंपनीकडे किमान ९० दिवस झालेले असावे लागतात. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या नियमानुसार, सिम बदलल्यावर सात दिवस हा संकेतांक मिळत नाही. पोर्ट करताना नवे सिम मिळतेच. तेव्हा आधी बदली सिम घेण्याचा फेरा टाळावा. मात्र येथे प्रीपेड शिल्लक नव्या कंपनीकडे जात नाही. ती वापरून संपवावी.

राज्याबाहेर राहणाऱ्यांसाठी

दूरसंचार सेवेच्या दृष्टीने गोवा व महाराष्ट्र हे मुंबई वगळता एकच परिमंडळ आहे. नोकरी वा विवाहानिमित्त ग्वाल्हेरला गेलेल्याचा क्रमांक याच परिमंडळाचा राहतो. ग्वाल्हेर मात्र मध्य प्रदेश–छत्तीसगड परिमंडळात येते. लष्कर भागातील महाराज बाड्यालगतच्या गोरखीत, शिंदे घराण्याच्या जुन्या वाड्याच्या परिसरात राहणाऱ्या मराठी माणसाने तेथे नवा फोन घेऊन जुनेच सिम घातले, तर काहीच अडत नाही. सिम हरवले किंवा बिघडले, तर मात्र बदली सिम स्थानिक दालनात मिळेल का, हे कंपनीकडे आधी विचारून घ्यावे. कायमचा मुक्काम असल्यास क्रमांक तेथील परिमंडळात नेता येतो. ३ जुलै २०१५पासून देशभर ही सोय आहे. या बदलाला सुमारे पाच कामकाजाचे दिवस लागतात. संकेतांकाचा संदेश त्याच क्रमांकावरून पाठवायचा असल्याने, सिम चालू असतानाच हे करावे.

जुना फोन, जुने सिम

बदली सिम मिळताच जुने सिम आपोआप बंद होते; ते कापून टाकावे. दुसरा क्रमांक कपाटात पडून असेल, तर सावध राहावे. सलग ९० दिवस वापर नसल्यास तो बंद होऊ शकतो. २०१३च्या नियमानुसार खात्यात किमान २० रुपये असल्यास तो राखण्याची सोय आहे.

वापरलेला फोन विकत घेताना त्यावर *#०६# दाबून येणारा १५ अंकी आयएमईआय क्रमांक ‘संचार साथी’ संकेतस्थळावर तपासावा. चोरीचा फोन पुढे बंद केला जाऊ शकतो. स्वतःचा फोन देण्यापूर्वी सर्व खात्यांतून बाहेर पडून त्यातील माहिती पुसावी. नव्या फोनवर एक ओटीपी येऊन खात्री झाल्याशिवाय जुना फोन हातावेगळा करू नये.