रिकाम्या रकान्यामुळे थांबलेली धावपट्टी

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, फक्त 'म्हणजे' थोडे कमी केलेत.

नवरात्रात मामा केडगावला आले होते. देवीचं दर्शन झालं, घरी चहा झाला आणि मग मूळ विषय निघाला. मामांची शेती कोपरगाव तालुक्यात, काकडीच्या बाजूला. काकडी म्हणजे जिथे शिर्डीचं विमानतळ आहे ते गाव. 1 ऑक्टोबर 2017 ला राष्ट्रपतींच्या हस्ते उद्घाटन झालं तेव्हा मामा विमान बघायला गेले होते. तिथली धावपट्टी 2,500 मीटरची आहे आणि ती 3,200 मीटर करायचं चाललंय. मामांनी विचारलं, "भाच्या, तू एवढा इंजिनियर. हे वाढवायच्या आधी सरकार कुणाला विचारतं का? का डायरेक्ट रोलर येतो?"

बीटेक करून सहा वर्षं कोड लिहितोय, पण मला उत्तर येईना. "बघून सांगतो मामा," म्हणालो आणि पुढचे तीन वीकेंड वाचत बसलो. त्या वाचनातून सगळ्यात जास्त डोक्यात राहिली ती मोप्याची गोष्ट.

मोपा म्हणजे गोव्यातला पेडणे तालुका. तेरेखोल आणि शापोरा या दोन नद्यांच्या मधला मुलूख. वर जांभ्या दगडाचा सपाट माळ, कोकणात त्याला सडा म्हणतात. लांबून बघणाऱ्याला वाटतं की इथे काहीच नाही, मोकळी जागा, विमान उतरवायला एकदम बेस्ट. पण सड्यावर पडलेला पाऊस जांभ्यातून झिरपतो आणि खाली पायथ्याला झरे होऊन निघतो. खालच्या गावांचं पाणी त्यावर चालतं. आणि सड्यावरून उत्तरेला थोडं गेलं की आपला सिंधुदुर्ग सुरू होतो.

आता नियम काय आहे ते बघू, कारण मामांचा प्रश्न तोच होता. भोपाळच्या वायुकांडानंतर 1986 साली पर्यावरण संरक्षण कायदा आला. त्याच्याखाली 1994 मध्ये पहिली अधिसूचना निघाली की मोठ्या प्रकल्पाआधी पर्यावरणावर काय परिणाम होईल ते तपासा. 14 सप्टेंबर 2006 ला तिच्या जागी नवी आली. विमानतळं त्या यादीत आहेत. नुसती नवीन नाहीत, आहे त्या विमानतळाचा विस्तारही त्यात येऊ शकतो. म्हणजे मामा, रोलर डायरेक्ट येत नाही. निदान कागदावर तरी नाही.

प्रक्रिया सुरू होते ती एका फॉर्मपासून. त्याचं नावच 'फॉर्म 1'. त्यात प्रकल्पवाला स्वतःच सांगतो की मी काय बांधणार, किती पाणी लागेल, किती झाडं जातील. शेवटी एक तक्ता असतो: तुमच्या जागेपासून 15 किलोमीटरच्या आत संरक्षित जागा, जंगलं, पाणथळ जागा, नद्या आहेत का? असतील तर नाव लिहा, अंतर लिहा. तो फॉर्म वाचून दिल्लीतली तज्ज्ञ समिती ठरवते की अभ्यास कशाकशाचा करायचा. मग अभ्यास होतो, जनसुनावणी होते, समिती परत बसते आणि शिफारस करते.

इथे माझ्यातला कोडवाला जागा झाला. ही सगळी साखळी पहिल्या इनपुटवर उभी आहे. फॉर्ममध्ये जंगल लिहिलंच नाही, तर अभ्यासाच्या यादीत जंगल येणार कसं? एकदा एका रिलीजच्या चेकलिस्टमध्ये मी स्वतः 'लागू नाही' असं टाकून मोकळा झालो होतो. शुक्रवारची संध्याकाळ होती, घरी जायचं होतं. पुढचे सगळे टेस्टिंगवाले त्या 'लागू नाही'वर विश्वास ठेवून पुढे गेले. सोमवारी काय झालं ते सांगत नाही. तेव्हा नुकसान एका स्क्रीनचं होतं, इथे झऱ्यांचं असतं.

मोप्याला 28 ऑक्टोबर 2015 ला पर्यावरण मंजुरी मिळाली. त्याविरुद्ध लोक राष्ट्रीय हरित लवादात गेले. लवादाने 2018 मध्ये जास्तीच्या अटी घातल्या, पण मंजुरी कायम ठेवली. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 29 मार्च 2019 ला न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती हेमंत गुप्ता यांनी निकाल दिला आणि मंजुरी स्थगित केली. निकाल लांबलचक आहे, पण मी अडखळत का होईना वाचला. त्याचा गाभा हाच फॉर्म आहे. आसपासची जंगलं, पाण्याच्या जागा, पश्चिम घाटातला संवेदनशील पट्टा, याची जी माहिती पहिल्याच पायरीला द्यायची होती, ती दिलेली नव्हती. किती झाडं पडणार याचंही खरं चित्र नव्हतं. आणि तज्ज्ञ समितीने आपण तज्ज्ञ आहोत हे विसरून, नीट कारणं न देता शिफारस केली होती. न्यायालयाने विमानतळ नको असं कुठेही म्हटलं नाही. परत बसा, परत तपासा, कारणं लिहा, एवढंच सांगितलं.

म्हणजे आपल्या भाषेत, बिल्ड रिजेक्ट.

एक मिनिट थांबून थोडं लांब जाऊ, कारण ही कल्पना मुळात आली तेव्हाही मध्ये एक विमानतळ होतंच. 1968 मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्सच्या दलदलीत जगातल्या सगळ्यात मोठ्या विमानतळाचं काम सुरू झालं. सहा धावपट्ट्यांचा बेत होता. 1969 मध्ये लूना लिओपोल्ड या पाण्याच्या शास्त्रज्ञाने अहवाल दिला की हे झालं तर दक्षिण फ्लोरिडाची अख्खी पाण्याची व्यवस्था मोडेल. अशा प्रकारच्या अहवालांमधला तो अगदी सुरुवातीचा. जानेवारी 1970 मध्ये प्रकल्प थांबवायचं ठरलं, आणि त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला अमेरिकेच्या पर्यावरण धोरण कायद्यावर सही झाली होती. तोपर्यंत एकच धावपट्टी बांधून झाली होती, साधारण 3,200 मीटरची. हो, शिर्डीला जेवढी करायची म्हणतात तेवढीच. योगायोग आहे, पण मला मजा वाटली. ती धावपट्टी अजून तिथेच आहे.

मोपा मात्र थांबलं नाही. समितीने एप्रिल 2019 मध्ये पुन्हा बैठक घेतली, नवीन अटी लावल्या, आणि 16 जानेवारी 2020 ला न्यायालयाने स्थगिती उठवली. तोपर्यंत न्यायालयासमोर तोडायच्या झाडांचा आकडा होता 54,676. अटी पाळल्या जातात का ते बघायला नागपूरच्या नीरीला नेमलं. 11 डिसेंबर 2022 ला उद्घाटन झालं, जानेवारी 2023 पासून विमानं उडतायत. आपल्यातले कित्येक जण गोव्याला जाताना तिथेच उतरले असतील. मीही उतरलोय, आणि खिडकीतून सडा बघायच्या ऐवजी इन्स्टा बघत होतो.

मग एवढ्या लढाईतून मिळालं काय? मला आधी वाटलं, काहीच नाही, शेवटी बांधलंच ना. पण तसं नाही. नवी मुंबईचं उदाहरण बघा. तिथे 22 नोव्हेंबर 2010 ला जयराम रमेश पर्यावरणमंत्री असताना मंजुरी मिळाली. त्या घासाघिशीत दोन धावपट्ट्यांमधलं अंतर 1,800 मीटरवरून 1,550 मीटरवर आणलं गेलं आणि त्यामुळे गाढी नदी वळवावी लागली नाही. उलवे नदी मात्र वळवली, उलव्याची टेकडी कापली, खारफुटी गेली, दहा गावं उठली. म्हणजे हिशोब सरळ नाही. पण कुणीतरी नकाशावर बोट ठेवून 'हे अंतर एवढंच का?' असं विचारलं आणि 250 मीटरमध्ये एक नदी वाचली. हा प्रश्न सर्वे झाल्यावर, टेंडर निघाल्यावर विचारून उपयोग नसतो. माझ्या मते मोप्याचं दुखणं तेच. जागा आधीच पक्की झालेली होती, फॉर्म नंतर भरला गेला.

हे सगळं मी मामांना फोनवर सांगितलं. मोप्याचं त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ते ठीक. आमच्याकडं सुनावणी लागली तर आम्ही काय करायचं?"

विस्ताराच्या सगळ्याच कामांना सुनावणी लागते असं नाही, हे आधी सांगितलं. पण लागली तर नियम असे. प्रदूषण नियंत्रण मंडळ ती घेतं, प्रकल्पाच्या जागेवर किंवा तिथेच जवळपास. निदान 30 दिवस आधी पेपरात नोटीस यावी लागते, आणि त्यात एक पेपर स्थानिक भाषेतला हवा. अहवालाचा सारांश मराठीत मिळायला हवा आणि तो कलेक्टर ऑफिस, जिल्हा परिषद अशा ठिकाणी आधीच ठेवलेला असतो. अध्यक्ष कलेक्टर किंवा त्यांचा मोठा अधिकारी. सगळ्याचं व्हिडिओ शूटिंग होतं. आणि कोरम लागत नाही. चारच माणसं आली तरी सुनावणी झाली असं धरतात.

"चारच?" मामा म्हणाले. "मग आम्ही न जाता घरी बसलो तरी ती झालीच की."

"झालीच."

पलीकडे थोडा वेळ काही आवाज नाही. मग मामींना हाक मारून त्यांनी पेन मागवलं आणि मला म्हणाले, "तो 15 किलोमीटरचा तक्ता काय म्हणालास? परत सांग. आमच्याकडचे ओढे मी लिहून काढतो."