मोडीत गेलेली भांडी

लहानपणीच्या घरातली कोणती वस्तू आज हाताशी असायला हवी होती, असा विषय मराठी घरांत निघाला की शिसवी पेटी, माजघरातला झोपाळा, आजोबांचा अडकित्ता अशी नावे येतात. पण सगळ्यांत जास्त हळहळ होते ती तांब्या-पितळेच्या भांड्यांची. न्हाणीघरातला बंब, घंगाळ, पाण्याचे हंडे-कळश्या, पुरण शिजवायचे जाड बुडाचे पातेले, दोघांनी उचलावी लागणारी परात. आणि या आठवणींच्या शेवटी बहुधा एकच वाक्य येते: आईने ते सगळे मोडीत काढले. त्या वाक्यात एक आरोप असतो. घरात सोन्यासारखी वस्तू होती, तिची किंमत बायकांना कळली नाही आणि त्यांनी ती स्टीलच्या चार डब्यांपायी घालवली, असा. हा आरोप मला अन्यायाचा वाटतो. पुण्यात १२ जुलै १९६१ला पानशेतचे धरण फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांतले संसारच्या संसार वाहून गेले, ते गमावणे खरे. बाकी घरांतली भांडी पुराने नेली नाहीत. ती कासाराच्या दुकानात वजन करून, भाव विचारून, हिशेब करून दिली गेली. तो हिशेब काय होता ते पाहिले, तर हळहळायचे कशाबद्दल हेही नीट कळते.

पहिली गोष्ट अशी की ही भांडी आपण समजतो तितकी सनातन नाहीत. देवघरातली समई, संपन्न घरातले घंगाळ, मंदिरातली घंटा यांची परंपरा जुनी आहे, यात शंका नाही. पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी पेशवाईपासून नांदती आहे. कोकणातून आलेल्या कारागिरांनी ती वसवली आणि मठारकामाचे, म्हणजे गुळगुळीत हातोडीने एकसारखे ठोके देत पत्रा चमकवण्याचे, तिथले कसब आजही ओळखू येते. पण सामान्य कुणब्याच्या, मजुराच्या घरात दीर्घकाळ मातीची मडकी होती; धातूची भांडी मोजकीच असत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई बंदरात इंग्लंडहून तांब्या-पितळेचे तयार पत्रे उतरू लागले, रेल्वेने ते पुणे, नाशिकपर्यंत पोचले आणि भांडी तुलनेने स्वस्त झाली. कच्चा धातू वितळवून, ठोकून पत्रा काढण्याची सर्वांत कष्टाची पायरी वगळली गेली. १८८५च्या पुणे गॅझेटियरमध्ये या भरभराटत्या धंद्याची नोंद आहे. म्हणजे ज्या पितळी हंड्याला आपण पिढ्यान्‌पिढ्यांचा समजतो तो बऱ्याच घरांत दोन-तीन पिढ्यांमागेच आला होता, आणि तोही परदेशी पत्र्याच्या जोरावर. मडक्यांच्या जागी पितळ घेणाऱ्या पणजीला कोणी दोष देत नाही. पितळेच्या जागी स्टील घेणाऱ्या तिच्या नातसुनेलाच तो का द्यायचा?

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. पितळेचे भांडे ही वापरायची वस्तू होती तशी ती बचतही होती. कासाराच्या दुकानात जुने भांडे नेले की तो ते आधी वाजवून पाही, मग काट्यावर टाकी. मोडीचा भाव वेगळा, नव्या मालाचा वेगळा. चिकटलेली काजळी, राळ, कडीला लावलेले लोखंड यांची तूट वजा होई. नव्या भांड्याच्या वजनावर घडणावळ चढे. आणि उरलेला फरक गिऱ्हाईक रोख देई. पन्नास वर्षे वापरलेली कळशीसुद्धा अशी आपल्या धातूचे बहुतेक मोल परत देत असे, कारण पितळ पुन्हा पुन्हा वितळवता येते. बँकेची पायरी न चढलेल्या बाईसाठी ही किती मोठी सोय होती! रुखवतात, लग्नात, बाळंतविड्यात आलेली भांडी तिची असत, अडीनडीला ती गहाण पडत, भावाभावांच्या वाटण्यांत ती तराजूने वाटली जात. १८७६ ते १८७८च्या मोठ्या दुष्काळात दख्खनच्या खेड्यांतून दागिन्यांपाठोपाठ भांडी विकायला निघाली होती. सावकाराच्या जप्तीतही हात घालायला सोपी वस्तू हीच. १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या साठाव्या कलमात कर्जदाराचे, त्याच्या बायकोमुलांचे आवश्यक कपडे आणि अंथरूण-पांघरूण यांच्याबरोबर स्वयंपाकाची भांडी जप्त करता येणार नाहीत असे स्पष्ट लिहावे लागले. ज्यावर कोणी हात टाकत नाही, त्याला कायद्याचे संरक्षण द्यावे लागत नाही. तेव्हा घरातले पितळ कधीतरी मोडीत जाणार हे त्याच्या खरेदीतच गृहीत होते. आपल्या आजीचा हंडा तिच्या सासूच्या हंड्यातून आणि परातीतून झालेला असण्याची शक्यता मोठी आहे. जुने जपून ठेवण्याची रीत मोडली असे म्हणताना, जुने मोडून नवे करणे हीच इथली रीत होती हे आपण विसरतो.

आता श्रमांकडे येऊ, कारण आठवणींत ते सहसा येत नाहीत. पितळेच्या पातेल्यात कल्हईशिवाय आमटी केली, ताक किंवा चिंच घातली, की अन्न कळकते. त्याला चव राहत नाही आणि ते पोटालाही बाधते. म्हणून दर काही महिन्यांनी कल्हईवाला हवा. तो अंगणात खड्डा करून भाता लावी, भांडे लालसर तापवी, त्यात नवसागराची चिमूट टाकून धूर निघाला की कथलाची कांडी टेकवी आणि कापसाच्या बोळ्याने क्षणात तो चकचकीत थर आतून फिरवी. मुलांना तो खेळ वाटे, आणि आज आठवतो तोही खेळ म्हणूनच. घरच्या बाईला मात्र त्यात कथलाचा वाढता भाव दिसे, आणि तो माणूस पुढच्या खेपेला येईल की नाही याची काळजी. कल्हई आतून, बाहेरून रोजची राख, चिंचेचा कोळ, नारळाची शेंडी. तांब्याचे भांडे दोन दिवस नुसते ठेवले तरी काळवंडते, ओल्या हाताचे डाग धरते, आणि चिंचेने घासून लगेच कोरडे पुसले नाही तर पुन्हा डागाळते. सणाला, श्राद्धपक्षाला, लग्नाला माळ्यावरून काढलेली सारी भांडी घासून आणि नंतर पुन्हा घासून वर ठेवायची. भरलेला हंडा कमरेवर घेऊन विहिरीवरून यायचे ते वेगळेच. या कामात पुरुषांचा वाटा जवळजवळ शून्य. त्या भांड्यांचा सोनेरी उजेड ज्यांना आठवतो, त्यातल्या बहुतेकांनी तो पाहिला आहे. घासला दुसऱ्या कोणीतरी. त्या दुसऱ्या कोणीतरी स्टीलला हो म्हटले यात मला नवल वाटत नाही. भांडी झटक्यात लख्ख करणारी पितांबरी ठाण्यातून बाजारात आली ती १९८९च्या सुमारास. तोवर रोजच्या स्वयंपाकातून पितळ हद्दपार होत आले होते आणि घासायला मुख्यतः देवाची उपकरणी उरली होती.

यावर म्हणता येईल की श्रम हे निमित्त, खरे कारण हौस आणि शेजारणीशी बरोबरी. साठ-सत्तरच्या दशकांत स्टीलचे डबे मांडणीवर ओळीने लावणे ही प्रतिष्ठा होती, हे कोण नाकारेल? बोहारणीच्या टोपलीतल्या एका पातेल्यासाठी खऱ्या चांदीच्या जरीची पैठणी दिली गेल्याचे प्रसंग घराघरांत सांगतात, आणि ती जर जाळून चांदी काढली जाई हेही खरे आहे. त्या सौद्यात बाई फसली, असे मीही म्हणेन. पण पितळेच्या सौद्याला तेच लावता येत नाही, कारण तिथे भाव उघड होता. शिवाय घरच बदलले होते. १९५५ पासून मुंबईत सिलिंडरचा गॅस मिळू लागला, मग चुलीपुढे बसायचे सोडून ओट्यापाशी उभे राहणे आले. प्रेशर कुकर आला, नळ घरात आला, गीझर आला. वाडे पडून सदनिका उभ्या राहिल्या, त्यांना परसदार नाही, न्हाणीघराला धूर जायला जागा नाही. कोळसा-लाकूड पेटवायचा बंब तिथे ठेवणार कुठे आणि पेटवणार कुठे? ज्या घरासाठी वस्तू घडल्या होत्या ते घर आधी गेले, वस्तू मागाहून गेल्या. एक तोटा मात्र मान्य केला पाहिजे. स्टीलला मोडीत पितळेइतका भाव कधीच नव्हता. भांड्यांत साठवलेली बचत बाईच्या हातून सुटली, आणि १९६९ला बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले तरी तिच्या नावाचे खाते निघायला पुष्कळ घरांत आणखी वीस-तीस वर्षे गेली. भिशी आणि चार ग्रॅम सोने यांनी ती पोकळी थोडीफार भरली.

दुसरा आक्षेप कारागिरांच्या बाजूचा आहे, आणि तो जास्त बोचणारा आहे. स्टील आले तशी तांबट आळीतली ठोक्यांची गर्दी ओसरली, कल्हईवाल्यांची मुले दुसऱ्या कामाला लागली. हे नुकसान मोठे आहे. पण त्याचे खापर गृहिणीवर फोडण्याआधी पाहावे की हातकाम त्याआधीच दोनदा मार खाऊन बसले होते. आयात पत्र्याने धातू घडवण्याची विद्या गेली, मग यंत्रावर दाबून काढलेल्या भांड्यांनी ठोक्याच्या कामाचा मोठा भाग खाल्ला. दुसऱ्या महायुद्धात तांबे तोफगोळ्यांकडे वळले; त्या टंचाईत सरकारने १९४३ला पैशालाही मधोमध भोक पाडून धातू वाचवला, तिथे तांबटाला पत्रा कुठून मिळणार? आज पुन्हा तांब्याच्या बाटल्या आणि तांबे विकले जात आहेत. तांब्यात साठवलेल्या पाण्यातले काही जंतू मरतात हे प्रयोगांनी दिसले आहे, म्हणून पाण्यापुरते ते योग्यच. त्या मागणीतला थोडा पैसा हातोडी धरणाऱ्यापर्यंत पोचला, तर कारागिरीसाठी गळा काढण्यापेक्षा त्याचा उपयोग होईल.

मग हळहळायचे काहीच नाही का? आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेले की ते जाणवते. दिनकर केळकर, म्हणजे कवी अज्ञातवासी, यांनी १९२०च्या सुमारास दिवे, अडकित्ते, कुलुपे, वज्री, स्वयंपाकघरातली साधने गोळा करायला सुरुवात केली. अकाली गेलेल्या राजा या मुलाचे नाव त्यांनी संग्रहाला दिले आणि १९७५ला वीस हजारांच्या घरातला तो ठेवा महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. लोक ज्या वस्तू मोडीत देत होते त्या एक माणूस जपत होता, तर घराघरांतून हे का झाले नाही, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर संग्रहालयातच दिसते: तिथे जाते ते नक्षीदार, दुर्मीळ, एकमेव. रोजचा साधा हंडा तिथेही सहसा जात नाही, आणि सगळ्या घरांनी सगळे हंडे ठेवायचे म्हटले तर घरात माणसांना जागा उरणार नाही.

परंतु त्या साध्या हंड्यावर एक गोष्ट होती जी कोणत्याही तराजूने मोजली नाही. त्याच्या गळ्याखाली बारीक छिन्नीने, ठिपक्याला ठिपका लावत कोरलेले नाव. दुकानाच्या पायरीवर बसलेला नाव घालणारा अक्षरांवर मजुरी घेई, म्हणून मजकूर आखूड: देणाराचे नाव, घेणारीचे नाव, गाव, कधी शके, कधी तारीख, कधी नुसते ‘मामाकडून’. या अक्षरांत शुद्धलेखन नसे, पण नाते असे. घराचे खरेदीखत, सातबारा, दुकानाची पाटी यांवर बाईचे नाव क्वचित. शेतकरी संघटनेला १९९०च्या आसपास लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून बायकोचे नाव सातबाऱ्यावर लावा म्हणून गावोगाव सांगावे लागले, यावरून ती स्थिती किती उशिरापर्यंत होती ते कळावे. जिथे कागदांनी तिची दखल घेतली नाही तिथे पितळेने घेतली होती. कोणत्या गावची मुलगी कुठे दिली, तिला आत्याने काय दिले, ती किती साली या घरात आली, हे पुष्कळ कुटुंबांत फक्त भांड्यांवरच लिहिलेले होते. धातू भट्टीतून परत आला, त्याचे नवे भांडे झाले, कुठे नळाची तोटी झाली. नाव मात्र वितळले ते वितळलेच. आईने काय मोडीत काढले असा प्रश्न असेल, तर तिच्या हातून गेलेली ही नोंद मला खरी हानी वाटते, आणि त्या हानीचा दोष आईच्या एकटीचा नाही. ती नोंद वाचून ठेवायला घरात बाकीची माणसे होती.

ज्यांच्याकडे एखादी परात, एखादा तांब्या, लग्नातला एखादा जुना डबा अजून आहे, त्यांनी तो ठेवावा की विकावा हा त्यांचा प्रश्न. विकण्याआधी चिंच लावून त्याचा गळा आणि बूड घासावे, उजेडात तिरपा धरून अक्षरे वाचावीत, वहीत उतरवून घ्यावीत, फोटो काढावा, आणि त्या नावाची बाई कोण हे घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला आजच विचारावे.