दान्ते आलिग्येरी

(१२६५ – सप्टेंबर १३२१). इटालियन कवी आणि राजकीय विचारवंत. जन्म फ्लॉरेन्सचा, मृत्यू राव्हेन्नाचा. आणि या दोन गावांमधले अंतर हाच त्याच्या आयुष्याचा आणि काव्याचा गाभा. ज्या शहराने त्याला हाकलले, त्याच शहराच्या बोलीत त्याने आपले महाकाव्य रचले.

दान्तेचे घराणे फार श्रीमंत नव्हते, पण त्याला प्रतिष्ठा होती. १२८९ मध्ये काम्पाल्दीनोच्या लढाईत तो फ्लॉरेन्सच्या घोडदळातून लढला. सार्वजनिक पदे मिळवण्यासाठी एखाद्या व्यवसाय-संघाचे सदस्य असावे लागे, म्हणून त्याने वैद्य आणि औषधविक्रेत्यांच्या संघात नाव घातले. १३०० च्या उन्हाळ्यात दोन महिने तो शहराच्या सर्वोच्च कारभारी मंडळावर होता. त्या वेळी शहरातल्या ग्वेल्फ पक्षात ‘पांढरे’ आणि ‘काळे’ अशी फूट पडली होती. दान्ते पांढऱ्यांच्या बाजूचा. पुढच्याच वर्षी काळ्यांनी पोप आठवा बोनिफेस याच्या पाठबळावर सत्ता बळकावली. जानेवारी १३०२ मध्ये लाचखोरीच्या आरोपावरून दान्तेला दंड आणि हद्दपारीची शिक्षा झाली आणि मार्चमध्ये, हाती लागल्यास जिवंत जाळण्याची. १३१५ मध्ये अपमानास्पद अटींवर परतण्याची मुभा मिळत होती. ती त्याने नाकारली. फ्लॉरेन्सचे तोंड त्याने पुन्हा पाहिले नाही. व्हेरोना आणि इतर दरबारांचा आश्रय घेत तो शेवटी राव्हेन्नाला स्थिरावला.

‘व्हीता नुओव्हा’ हे त्याचे पहिले पुस्तक हद्दपारीच्या आधीचे. त्याचे जिच्यावर प्रेम होते त्या, १२९० मध्ये वारलेल्या बेआत्रीचेवर लिहिलेल्या ३१ कविता आणि त्यांना जोडणारे गद्य असे त्याचे रूप आहे. कवी स्वतःच आपल्या कवितेचा जन्म सांगतो आणि लगोलग तिची फोडही करतो. प्रेमकवितेचा त्या काळचा संकेत या पुस्तकात आतून बदलतो: प्रेयसीकडून काही मिळवण्याची आस गळून पडते आणि तिची स्तुती हेच कवीचे सुख ठरते.

हद्दपारीच्या पहिल्या वर्षांत त्याने दोन ग्रंथ हाती घेतले आणि दोन्ही अपुरे राहिले. ‘कोन्व्हीव्हिओ’ (मेजवानी) हा आपल्याच कवितांवरच्या भाष्याचा ग्रंथ. पंधरा भाग योजले होते, चारच झाले. तत्त्वज्ञानाचे हे विवेचन त्याने मुद्दाम लोकभाषेत केले, कारण लॅटिन न येणाऱ्यांनाही या पंगतीत बसवायचे होते. ‘दे व्हुल्गारी एलोक्वेंतिया’ हा दुसरा ग्रंथ मात्र लॅटिनमध्ये आहे. लोकभाषेची बाजू मांडायची तर ती विद्वानांना पटली पाहिजे, आणि विद्वान लॅटिन वाचत. मूल दाईच्या तोंडून कोणत्याही नियमांवाचून उचलते ती भाषा व्याकरणाने घडवलेल्या लॅटिनपेक्षा थोर, असे त्यात तो म्हणतो. मग इटलीतल्या चौदा बोली तो एकेक करून तपासतो आणि साऱ्या नापास करतो, स्वतःच्या फ्लॉरेन्सचीसुद्धा. पुढे ‘कोम्मेदिया’ हे आपले महाकाव्य लिहिताना त्याने स्वतःचाच हा निकाल बाजूला सारला. सिद्धान्तकार दान्तेपेक्षा कवी दान्ते अधिक धाडसी निघाला, असे म्हणावे लागते.

‘मोनार्किया’ या लॅटिन ग्रंथात सम्राटाची सत्ता थेट ईश्वराकडून येते, पोपकडून नव्हे, असे प्रतिपादन आहे. १३२९ मध्ये हा ग्रंथ जाळला गेला. पुढे चर्चच्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीत तो १८८१ पर्यंत होता.

‘कोम्मेदिया’चे १०० सर्ग (कांतो) आणि १४,२३३ ओळी आहेत. नरकाचे ३४ सर्ग, शुद्धिपर्वताचे आणि स्वर्गाचे प्रत्येकी ३३. तिन्ही भाग ‘तारे’ या एकाच शब्दावर संपतात. छंद तीन ओळींच्या कडव्यांचा, ‘तेर्झा रीमा’. प्रत्येक कडव्याच्या मधल्या ओळीचे यमक पुढचे कडवे उचलते, त्यामुळे कुठे थांबताच येत नाही; पायरीवर पाय ठेवला की पुढची पायरी दिसते. १३०० सालच्या ईस्टरच्या आठवड्यात दान्ते स्वतः या तिन्ही लोकांची यात्रा करतो. रोमन कवी व्हर्जिल त्याला शुद्धिपर्वताच्या माथ्यापर्यंत नेतो, तिथून पुढे बेआत्रीचे. यात्रेत भेटणारी माणसे बहुतेक खरी आहेत आणि बरीचशी कवीच्या ओळखीतली. गुरुस्थानी असलेला ब्रुनेत्तो लातीनी नरकात भेटतो तेव्हा दान्तेचा आदर तसूभरही कमी होत नाही. दिराच्या प्रेमात पडून प्राण गमावलेली फ्रान्चेस्का आपली कहाणी सांगते आणि ती ऐकून दान्ते मूर्च्छित होतो. तिच्याच भाच्याने, ग्वीदो नोव्हेल्लोने, पुढे राव्हेन्नात त्याला आश्रय दिला.

शिक्षा न्याय्य मानायची आणि शिक्षा भोगणाऱ्यासाठी हळहळायचेही, हा ताण स्वर्गातही सुटत नाही. ‘पारादीसो’च्या, म्हणजे स्वर्गभागाच्या, एकोणिसाव्या सर्गात सिंधू नदीकाठी जन्मलेल्या माणसाचा प्रश्न येतो. ख्रिस्ताचे नाव तिथे कोणी सांगितलेले नाही, त्या माणसाचे आचरण निर्दोष आहे, आणि तो बाप्तिस्मा न होता मरतो. मग त्याला दोषी ठरवणारा न्याय कोणता? न्यायी राजांच्या आत्म्यांचा मिळून बनलेला गरुड आधी मानवी बुद्धीच्या मर्यादेवर बोट ठेवतो. पण पुढे तोच सांगतो की न्यायाच्या दिवशी ख्रिस्ताचा घोष करणारे अनेक जण त्याला न ओळखणाऱ्यांपेक्षा दूर उभे असतील. लगेचच्या सर्गात त्रायानुस हा रोमन सम्राट आणि रिफेउस हा ट्रॉयचा योद्धा स्वर्गात दिसतात. व्हर्जिल मात्र नरकाच्या उंबरठ्यावरच राहतो. मध्ययुगीन ख्रिस्ती कवीने आपल्या धर्मातला सर्वांत अवघड प्रश्न विचारायला भारताच्या सीमेवरचा माणूस निवडावा, ही गोष्ट भारतीय वाचकाने जरूर लक्षात घ्यावी.

हे महाकाव्य लॅटिनमध्ये नाही याची खंत बोलोन्याचा पंडित जोव्हान्नी देल व्हिर्जीलिओ याने पद्यातून कळवली आणि लॅटिनमध्ये लिहिण्याचा आग्रह धरला. दान्तेने त्याला उत्तर दिले ते लॅटिन पद्यातच, पण आपली भाषा सोडली नाही. कविमुकुट हवा तर तो फ्लॉरेन्सच्या ज्या देवळात आपला बाप्तिस्मा झाला तिथेच, असे त्याने काव्यात लिहून ठेवले. व्हेनिसच्या राजनैतिक मोहिमेवरून परतताना तो आजारी पडला आणि राव्हेन्नात वारला.

‘कोम्मेदिया’ला जोडलेले ‘दिव्हिना’ (दिव्य) हे विशेषण इटालियन लेखक बोक्काच्चोचे. छापील मुखपृष्ठावर ते १५५५ च्या व्हेनिसच्या आवृत्तीत आले. कवीच्या हातची एकही ओळ उरलेली नाही, पण काव्याची सुमारे ८०० हस्तलिखिते टिकली. १३७३ मध्ये फ्लॉरेन्सने बोक्काच्चोला दान्तेवर जाहीर व्याख्याने द्यायला बोलावले. १४७२ मध्ये फोलीन्यो येथे हे काव्य प्रथम छापले गेले. ‘इटालियन भाषेचा जनक’ ही पदवी दान्तेला सरसकट दिली जाते. पण १५२५ मध्ये भाषापंडित पिएत्रो बेम्बोने भाषेचा आदर्श म्हणून निवडले ते पेत्रार्क आणि बोक्काच्चो यांना. दान्तेची भाषा त्याला फार ओबडधोबड वाटली. बाजारातल्या, शिवीगाळीच्या आणि धर्मचर्चेच्या शब्दांना एकाच काव्यात घेण्याचे दान्तेचे औदार्य एकोणिसाव्या शतकात, राष्ट्र घडत असताना, इटलीला पुन्हा उमगले. बोत्तिचेल्लीची रेखाटने, गुस्ताव्ह दोरेची चित्रे आणि रोदँचे ‘नरकद्वार’ हे शिल्प या काव्यातूनच आले.

फ्लॉरेन्सने त्याच्या अस्थी अनेकदा मागितल्या. १५१९ मध्ये पोप दहाव्या लिओने परवानगी दिली, तेव्हा राव्हेन्नाच्या फ्रान्सिस्कन साधूंनी त्या लपवल्या. सापडल्या थेट १८६५ मध्ये. फ्लॉरेन्सच्या सान्ता क्रोचे चर्चमधली त्याची भव्य समाधी आजही रिकामी आहे, आणि राव्हेन्नाच्या कबरीवरच्या दिव्याला तेल फ्लॉरेन्स पुरवते. १३०२ ची शिक्षा रद्द करण्याचा ठराव फ्लॉरेन्सच्या नगरपरिषदेने २००८ मध्ये केला.

मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात ‘कोम्मेदिया’चे एक जुने हस्तलिखित जपलेले आहे. मुंबईचा गव्हर्नर मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने ते संस्थेला भेट दिले.