दंतसेतूचा प्रसार आणि पनवेल

गेलेल्या दाताच्या जागी दुसरा दात बसविण्याची विद्या पनवेलास तेथील वैद्यकाच्या वाटेने आली नाही. ही गोष्ट प्रथमदर्शनी विलक्षण वाटते, कारण वैद्यकाची परंपरा या गावात मुळीच दुबळी नव्हती. पुराणिक घराण्याचा श्रीधूतपापेश्वर हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना १८७२ साली येथेच स्थापन झाला. परंतु ज्या ग्रंथांच्या आधारावर हे वैद्यक उभे होते, त्यांचा सारा रोख असलेला दात राखण्याकडे होता.

सुश्रुताने मुखरोग पासष्ट मानले आहेत. त्यांपैकी दंतमूलाचे पंधरा आणि प्रत्यक्ष दातांचे आठ. हिरडीला दाताहून अधिक जागा देणारी ही वाटणी अर्थपूर्ण आहे. वरचा दात हलत असला तरी वैद्याने तो काढू नये, कारण अतिरक्तस्रावातून अंधत्वासारखे उपद्रव उद्भवतात, असा त्याचा इशारा आहे. आघाताने हललेला तरुणाचा दात दाबून बसवावा, वर थंड लेप द्यावा आणि रोग्यास कमळाच्या देठातून दूध पाजावे. वृद्धाचा असा दात मात्र सोडून द्यावा, असेही तो सांगतो. सोडून दिल्यावर पुढे काय, याचे उत्तर तेथे नाही. संस्कृतात दातास ‘द्विज’ म्हणतात. तिसऱ्या जन्माची सोय त्या शब्दातही नाही.

दंतसेतूचा उगम वैद्यापेक्षा सोनाराच्या हातात शोधावा लागतो. इटलीतील एट्रुस्कन लोक ख्रिस्तपूर्व सातव्या शतकाच्या सुमारास सोन्याच्या पट्टीने कृत्रिम दात शेजारच्या दातांस जखडीत. आधुनिक सेतूस खरी अचूकता आली ती १९०७ साली अमेरिकेतील टॅगर्ट याने मेणाच्या नमुन्यावरून सोने ओतण्याची रीत दंतवैद्यकात रूढ केल्यानंतर. दात गेलेली जागा तशीच राहू दिल्यास शेजारचे दात तिच्याकडे कलतात आणि समोरच्या जबड्यातील दात तिच्यात उतरू लागतो. हे टाळण्यासाठी दोहों बाजूंचे दात कोरून त्यांवर टोप्या चढवितात आणि मधला कृत्रिम दात त्यांस जोडतात. १९२६ साली अँट याने मांडलेला नियम असा की, आधारदातांच्या मुळांचे क्षेत्रफळ निदान गेलेल्या दातांच्या मुळांइतके असावे. म्हणजे अखेर सारा भार पुन्हा दंतमूलावरच येतो.

भारतात या विद्येचे पद्धतशीर शिक्षण १९२० साली कलकत्त्यास रफिउद्दीन अहमद यांनी सुरू केले. मुंबईचे नायर दंत महाविद्यालय १९३३ सालचे. १९४८ च्या दंतवैद्य अधिनियमाने नोंदवहीचे दोन भाग केले : एक पदवीधरांचा, दुसरा पदवी नसलेल्या परंतु निदान पाच वर्षे याच व्यवसायावर उपजीविका करणाऱ्यांचा. या दुसऱ्या भागाची आवश्यकता भासावी, यातच तत्कालीन परिस्थिती स्पष्ट होते.

पनवेलकरांची अडचण निराळी होती. दात काढण्यास एक खेप पुरते. सेतूसाठी दात कोरणे, ठसा घेणे, जुळवून पाहणे आणि पक्के बसविणे अशा अनेक खेपा पडतात. ठाण्याच्या खाडीवरील पूल १९७३ साली खुला होईपर्यंत खुष्कीने मुंबईस जावयाचे म्हणजे ठाण्याचा वळसा पडे. एका दाताकरिता इतक्या खेपा घालणे सामान्य कुटुंबास परवडणारे नव्हते. त्यामुळे काढलेल्या दाताची जागा बहुधा रिकामीच राहत असावी. दंतसेतूपूर्वी खाडीचा सेतू आवश्यक ठरला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. १९९८ साली उपनगरी गाडी पनवेलपर्यंत आली. पुढे पनवेल तालुक्यातच कामोठे आणि खारघर येथे दंत महाविद्यालये उभी राहिली आणि मुंबईची खेप अपरिहार्य राहिली नाही. बोलीत कृत्रिम दंतपंक्तीला ‘कवळी’ हा घरचा शब्द मिळाला. सेतू मात्र ‘ब्रिज’च राहिला.

या उपायाचे मोल केवळ पैशात मोजता येत नाही. एका गेलेल्या दातासाठी दोन निरोगी दात कोरावे लागतात आणि कोरलेले कवच पुन्हा येत नाही. या हानीची टोचणी दंतवैद्यकासही होतीच. फ्रान्समधील रोशेत याने १९७३ साली सच्छिद्र धातुपट्टी दातांच्या मागील बाजूस रेझिनने चिकटविण्याची रीत प्रसिद्ध केली. तीत कोरणे अत्यल्प. त्यापूर्वीच, १९६५ साली, स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क याने जबड्याच्या हाडात टायटॅनियमचे मूळ रोवले होते. ही रीत शेजारच्या दातांस हात लावीत नाही. परंतु तिला पुरेसे हाड, शस्त्रक्रिया आणि अधिक खर्च लागतो. म्हणून जुना सेतू अजून मागे पडलेला नाही. आणि तो बांधण्यापूर्वी आधारदातांच्या हिरड्या प्रथम तपासाव्या लागतात.